फलक काढा, रात्रीच्या सिस्टर परत द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, आमचे जिल्हा रुग्णालय

विषय : अपघात विभागात लहान मुलांसाठी रात्रपाळीला असलेली परिचारिका हलवल्याबाबत, आणि ‘समाधानी पालक’ या फलकाबाबत.

महोदय,

आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या फाटकावर गेल्या महिन्यात एक फ्लेक्स लागला. त्यावर हसणारं बाळ, बाळाची हसणारी आई आणि खाली मुलांच्या उपचारांवर किती टक्के पालक समाधानी आहेत त्याचा आकडा. आकडा घसघशीत आहे. तो मी इथे देत नाही, कारण तो कसा निघाला ते मला ठाऊक आहे आणि त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात अपघात विभागात रात्री लहान मुलांसाठी ज्या एक सिस्टर बसायच्या त्यांची खुर्ची उचलली गेली. वॉर्डात माणसं कमी पडतात, म्हणून त्यांना वर बोलावलं, असं कारण मिळालं. पालकांच्या समाधानाचा बोर्ड लावायचा आणि ज्यांच्यामुळे पालकांच्या जिवात जीव यायचा त्यांनाच हलवायचं, हे मला गप्प बसून बघवलं नाही.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की चौकशी लागते, चौकशीत एखादी कंत्राटी सिस्टर घरी जाते आणि फाईल बंद होते. ते मला नको आहे. शिवाय हे पत्र वाचणाऱ्या कुठल्याही जिल्ह्यातल्या आईबापांना हे आपल्याच दवाखान्याचं वर्णन वाटलं, तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी मराठवाड्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी आडत दुकानात मुनीम आहे. माझ्या मुलीला दमा आहे. सोयाबीनची रास सुरू झाली, तुरीचा भुसा उडाला, थंडी पडली की तिची छाती भरते आणि ती नेमकी रात्रीच भरते. त्यामुळे सरकारी अपघात विभाग आम्हाला पाहुण्याच्या घराइतका माहितीचा आहे. माझी पुतणी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून दुसऱ्या जिल्ह्यात अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर परिचारिका आहे. तेव्हा टेबलाच्या पलीकडे काय चालतं, तेही घरात ऐकायला मिळतं. खाली वैद्यकीय असं जे काही लिहिलंय ते तिच्याकडून समजून घेतलेलं आहे.

आधी चांगलं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही.

गेल्या थंडीतली रात्र. केस पेपरच्या खिडकीपुढे रांग. मोटारसायकलवरून पडलेले दोघे, एक पिऊन धडपडलेला, आणि त्यांच्याबरोबर आलेलं अख्खं गाव. पोरगी माझ्या खांद्यावर, पोट उडत होतं, बोलायला गेली की शब्द अर्धाच यायचा. त्या सिस्टर टेबलावरून उठल्या आणि रांगेच्या कडेने नुसती एक चक्कर मारली. माझ्यापाशी थांबल्या, मुलीचा फ्रॉक वर करून बरगड्यांखाली बघितलं आणि म्हणाल्या, “दादा, पेपर नंतर काढा. आत या.”

आत त्यांनी तिला खाटेवर झोपवलं नाही, आईच्या मांडीवर बसतं ठेवलं. धाप लागलेल्या मुलाला आडवं केलं की त्याला आणखी जड जातं, हे बायकोला तेव्हाच समजलं. मास्क आधी पोरीच्या हातात दिला, मशीन घुरघुरणार आहे, भ्यायचं नाही, असं तिलाच सांगितलं, आम्हाला नाही. रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचा चिमटा मोठ्या माणसाचा होता, तो तिच्या बोटावरून घसरत होता आणि भलतेच आकडे दाखवत होता. सिस्टरनी ड्रॉवरमधून लहान मुलांचा काढला. कोपऱ्यातल्या काट्यावर तिचं वजन केलं आणि कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं. वाफ चालू असताना मनगटावरचं घड्याळ बघत श्वास मोजले, पुन्हा थोड्या वेळाने मोजले. डॉक्टर आले तेव्हा त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगून झालं होतं. पहाटे निघताना दम्याचा पंप स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या नळीतून, कसा द्यायचा हे नुसतं सांगितलं नाही, बायकोकडून करून घेतलं. आणि एक गोष्ट बजावली, जी आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे : धाप लागलेलं लेकरू एकदम गप्प झालं, पेंगायला लागलं, तर ‘झोप लागली, बरं वाटतंय’ असं समजून घरी बसू नका, तसेच उचलून आणा.

तुमच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘परिचारिकांची वागणूक : उत्तम, चांगली, साधारण’ असा एक रकाना आहे. वरचं सगळं त्या रकान्यात कुठे बसतं, ते मला कळलेलं नाही.

खुर्ची उचलल्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. तीच इमारत, तेच वाफेचं मशीन, डॉक्टरही ओळखीचे आणि भले. फरक एवढाच, की अख्ख्या अपघात विभागाला एकच सिस्टर. त्या टाके घालायला मदत करत होत्या, एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद भरत होत्या, विंचू चावलेल्या बाईला सलाईन लावत होत्या आणि मधूनच पोलीस हवालदाराला उत्तरं देत होत्या. आमच्याशी त्या वाईट वागल्या नाहीत. त्यांच्याकडे आमच्याशी वागायला वेळच नव्हता. रांगेत उभं राहूनच केस पेपर काढला. मास्क मोठ्या माणसाचा आला, तो पोरीच्या नाकापासून हनुवटीच्या खालीपर्यंत गेला आणि निम्मी वाफ डोळ्यांत. “वजन किती?” असं विचारलं. बायकोने अंदाजाने सांगितलं. कोपऱ्यातला काटा वॉर्डात नेला होता, ओपीडीतला कुलपात होता. दिवसभर काट्याशेजारी बसून पोट भरणारा मी माणूस, आणि पोटच्या पोरीचं औषध अंदाजाच्या वजनावर चाललेलं बघत होतो.

शेजारच्या खाटेवर तांड्यावरचं एक पोर झटके येऊन आलेलं होतं. आई गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत होती आणि तिला काय विचारतायत हे तिला कळत नव्हतं. हलवलेल्या सिस्टरना गोरमाटीतले चार शब्द यायचे. कधीपासून, पहिल्यांदा का, ताप होता का, एवढं त्या विचारू शकायच्या. त्या रात्री त्या आईला फक्त “बाहेर थांब, गर्दी करू नको” एवढं मराठी मिळालं. पुढे पोराला मोठ्या दवाखान्यात रेफर केलं, १०८ ची गाडी आली, ती गेली. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पण त्या आईच्या हातात समाधानाचा फॉर्म कुणी दिला नाही, हे मी पाहिलेलं आहे.

इथूनच माझी पहिली तक्रार सुरू होते.

फॉर्म कुणाला मिळतो? ज्यांचं मूल वॉर्डात भरती झालं, बरं झालं आणि डिस्चार्जचा कागद घ्यायला जे काउंटरवर उभे आहेत, त्यांना. म्हणजे ज्यांचं निभावलं त्यांनाच. कागद हातात पडेपर्यंत ते काहीही लिहून देतील, मीसुद्धा देईन. अपघात विभागातूनच ज्यांना रेफर केलं, त्यांना विचारत नाहीत. वाट बघून कंटाळून जे ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर जातो असं, लिहून देऊन खासगीत गेले, त्यांना विचारत नाहीत. ज्यांचं लेकरू टेबलावरच गेलं, त्यांना तर विचारण्याची सोयच नाही. एवढे सगळे वगळून जो आकडा उरतो तो फाटकावर. आमच्या बाजारात माल काट्यावर चढवल्याशिवाय हिशेबाची पट्टी फाडली तर आडत्याचा परवाना जातो.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘मुस्कान’ नावाचा उपक्रम आणला. सरकारी रुग्णालयातल्या मुलांच्या सेवांचा दर्जा तपासायचा, त्यात पालकांचं समाधानही धरायचं. चांगला उपक्रम आहे, मनापासून म्हणतो. पण त्याची यादी बघा : मुलांची ओपीडी, मुलांचा वॉर्ड, नवजात बाळांचा कक्ष, पोषण पुनर्वसन केंद्र. रात्री दोन वाजता बाप लेकराला घेऊन ज्या दारातून पळत आत येतो, तो अपघात विभाग त्या यादीत नाही. आईबापाचा विश्वास बसतो किंवा उडतो तो त्या दारात, पहिल्या अर्ध्या तासात. वॉर्डातली चादर स्वच्छ होती का, हे नंतरचं.

दुसरी तक्रार रांगेची. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केस पेपरचे पैसेही बंद झाले. त्याबद्दल सरकारचे आभार, आमच्यासारख्यांना ते जाणवतं. पण पैसे गेले आणि रांग राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या तातडीच्या उपचारांची जी पद्धत घालून दिली आहे तिला ‘ईटॅट’ म्हणतात, आणि आपल्या देशातल्या प्रशिक्षणातही ती शिकवतात. तिचा पहिला नियमच असा, की मूल दारात आलं की कागदाच्या आधी त्याच्याकडे बघायचं आणि तीन गट करायचे : याला आत्ता या क्षणी, याला रांगेत पुढे, हा थांबू शकतो. श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, झटके, शरीरातलं पाणी, एवढ्या गोष्टी बघायला हात सरावलेला असला की फार वेळ लागत नाही. त्या सिस्टरांची रांगेच्या कडेने मारलेली चक्कर म्हणजे नेमकं हेच होतं. ही पद्धत असंही सांगते, की फाटकावरचा शिपाई आणि खिडकीतला कारकून यांनाही धोक्याच्या खुणा शिकवाव्यात. आमच्याकडे फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला एकच गोष्ट शिकवलेली आहे : एका पेशंटमागे एक माणूस.

हे श्रीमंत देशांचे चोचले नाहीत. आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर नावाचं शहर आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयाने मुलांचा तातडीचा विभाग या पद्धतीने नव्याने लावला. भरती झालेल्या मुलांमधले मृत्यू आधी १० ते १८ टक्के होते, ते ६ ते ८ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हे छापून आलेलं आहे. मलावी महाराष्ट्रापेक्षा कितीतरी गरीब आहे. त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये, याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं.

सामानाचं थोडक्यात. मोठ्यांच्या औषधाचा डोस ठरलेला असतो, मुलांचा किलोवर चालतो. अपघात विभागात वजनकाटा नसणं म्हणजे चूक होण्याची सोय करून ठेवणं. परदेशात उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी रंगीत पट्टी वापरतात म्हणे, पण आपली मुलं अंगाने बारीक, ती पट्टी त्यांचं वजन जास्तच दाखवते. त्यापेक्षा काटा बरा. आणि लहान मास्क, लहान चिमटा. या वस्तूंची किंमत त्या फ्लेक्सच्या खर्चाच्या आसपासच असावी.

आता मुख्य गोष्ट, माणसांची. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे : शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी तीस टक्के जास्तीच्या. हे प्रमाण कागदावर वाचून माझी पुतणी हसली होती. रात्रपाळीला ती एकटी अख्खा वॉर्ड सांभाळते. ताप बघायचा, सलाईन बदलायची, इंजेक्शनं द्यायची, रजिस्टर लिहायचं, ऑनलाइन एंट्री करायची, आणि मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रजेवर असला तर ऑक्सिजनचा सिलिंडरही ढकलायचा. अशा बाईने हसून बोलावं अशी अपेक्षा ठेवताना मलाच लाज वाटते. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतातून भरती नको, कायमची पदं भरा, ही त्यांची मागणी होती. आमच्याकडे तेव्हा लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. पण ती मागणी त्यांच्यापेक्षा आमच्या लेकरांच्या फायद्याची होती.

मुलाच्या बाबतीत बघणारी नजर जास्त लागते, याला कारण आहे. मोठ्या माणसाचं हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्याने बंद पडतं. मुलाचं बहुतेक वेळा श्वास हळूहळू कमी पडत गेल्यावर शेवटी थांबतं. म्हणजे मध्ये वेळ असतो, खुणा दिसत असतात, फक्त त्या दिसायला कुणीतरी दर थोड्या वेळाने जवळ येऊन बघायला हवं. ते काम डॉक्टरचं नाही, त्यांना तेवढी फुरसत नसते. ते परिचारिकेचं आहे. म्हणून वॉर्डातली एक कमतरता भरायला अपघात विभागातली एक काढणं ही बेरीज-वजाबाकी बरोबर दिसत असली, तरी हिशेब चुकलेला आहे.

वागणुकीबद्दलही लिहायलाच हवं, नाहीतर मी फक्त परिचारिकांची बाजू घेतली असं होईल. शर्ट इन केलेल्या माणसाला ‘सर’ आणि धोतर-लुगड्याला ‘अरे-तुरे’, हे आमच्या दवाखान्यात चालतं, आणि ते गर्दी असो वा नसो चालतं. ऊसतोडीहून आलेल्या बाईला ‘एवढा वेळ काय करत होतीस’ असं सगळ्यांसमोर विचारलं जातं. ती काय करत होती? कोयता चालवत होती, टोळीचा मुकादम सोडत नव्हता, गाडी मिळत नव्हती. या प्रश्नाने लेकराचा ताप उतरत नाही आणि ती बाई पुढच्या वेळी आणखी उशिरा येते, किंवा येतच नाही. सुई टोचताना मूल ओरडतं म्हणून आईला बाहेर काढायचं, चौघांनी पोराला दाबून धरायचं, हेही नेहमीचं. आईच्या मांडीवर, तिच्या हातात हात असताना मूल कमी झुंजतं. मला हे सांगायला शास्त्र लागत नाही, आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमातही हेच शिकवतात.

दुसरी बाजूही मान्य. एका पेशंटमागे वीस माणसं घुसवणारे, मोबाईलवर शूटिंग करत सिस्टरला ‘नाव काय तुझं’ विचारणारे, टेबलावर हात आपटणारे आमच्यातलेच आहेत. २०१० चा कायदा आहे : दवाखान्यातल्या माणसावर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याची पाटी अपघात विभागात ठळक लाल अक्षरात आहे, ती राहू द्या. पण तिच्या शेजारी अजून एक पाटी हवी होती : मुलाला आधी कोण बघेल, कुणाला विचारायचं, किती वेळ लागू शकतो. काय चाललंय हे कळत नाही तिथे माणसाचा तोल जातो. एक वाक्य सांगितलं, ‘दादा, डॉक्टर वरच्या वॉर्डात आहेत, येतायत, तोपर्यंत मी बघते आहे’, तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

आणि काही विपरीत घडलं की मान कुणाची धरतात? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. नंतरच्या कारवाईत परिचारिकाही होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं दगावली, त्यांत बारा नवजात बाळं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत रिक्त पदांचे तक्ते छापून आले, आठवडाभर चर्चा झाली. पदं रिकामी ठेवल्याबद्दल कुणावर गुन्हा दाखल झाल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं, गरजेच्या वेळी सरकारी रुग्णालयात उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची अडचण हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. तेव्हा मी काही मेहरबानी मागत नाही. मागण्या अशा :

अपघात विभागात रात्रपाळीला मुलांसाठी स्वतंत्र परिचारिका पुन्हा नेमा, आणि वॉर्डातली कमतरता भरण्यासाठी तिला हलवता येणार नाही असा लेखी आदेश काढा. ती मुलांच्या तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेली असावी. हलवलेल्या सिस्टरनाच परत आणलंत तर उत्तम, त्यांच्या सेवापुस्तकात एक चांगला शेरा लिहिलात तर त्याहून उत्तम.

मुलाला आधी बघायचं, केस पेपर नंतर. हे खिडकीवर मराठीत लिहा आणि फाटकावरच्या माणसाला धोक्याच्या खुणा शिकवा.

वजनकाटा, लहान मास्क, लहान चिमटा, किलोप्रमाणे डोसचा तक्ता भिंतीवर. अपघात विभागातून या वस्तू बाहेर जाऊ नयेत.

एक पालक कायम मुलाजवळ. बाकीच्यांना बाहेर काढा, त्यात आमची काही हरकत नाही.

रिक्त पदं कायमस्वरूपी भरा. ती भरेपर्यंत फ्लेक्स उतरवा आणि तिथे एक साधा फळा टांगा. त्यावर रोज संध्याकाळी खडूने लिहा : आज रात्री अपघात विभागात किती परिचारिका हव्यात, किती आहेत. हा आकडा आम्ही डोळे झाकून मान्य करू, कारण तो आत जाऊन मोजता येतो.

समाधान विचारायचंच असेल तर रेफर झालेल्यांना, डामा गेलेल्यांना, आणि ज्यांचं मूल वाचलं नाही त्यांनाही विचारा. लगेच नाही, काही दिवसांनी, रुग्णालयाबाहेरच्या माणसाने, त्यांच्या बोलीत, फोनवर किंवा घरी जाऊन. ‘उत्तम, चांगली, साधारण’ नको. कुणी आल्या आल्या बघितलं का, काय करतोय ते सांगितलं का, लेकराजवळ राहू दिलं का, दुखणं कमी व्हावं म्हणून काही केलं का, घरी जाताना परत कधी यायचं ते समजलं का, एवढे प्रश्न पुरे. उत्तरं वाईट आली तर ती एखाद्या सिस्टरच्या नावावर टाकू नका, त्या रात्रीच्या ड्युटीच्या कागदाला जोडून वाचा.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, थंडी सुरू होईल आणि अपघात विभागात लहान मुलांची गर्दी वाढेल. पहिल्या दोन मागण्यांना नवा पैसा लागत नाही, सहीचा आदेश लागतो. तो त्याआधी काढा. बाकीच्यांना किती वेळ लागेल ते तारखेसह लेखी कळवा. उत्तर मला एकट्याला पाठवू नका, बाजार समितीच्या आवारात आणि तांड्यावरच्या शाळेत लावायला द्या, मी स्वतः नेऊन चिकटवतो.

आपला,
दम्याच्या एका मुलीचा बाप

प्रत माहितीसाठी :
जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रुग्ण कल्याण समितीचे सर्व सदस्य, आणि ज्या रात्री आम्ही तिथे होतो त्या रात्री ड्युटीवर एकट्या असलेल्या सिस्टर, त्यांच्याविरुद्ध ही तक्रार नाही हे त्यांना कळावं म्हणून.